एक तबकडी, दोन मालक

वाचकहो, इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि वंशावळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि आमच्यासारखे इतिहास शिकवणारे लोकही वर्षानुवर्षे तेच वाढत आले आहेत. पण कारकुनीलाही इतिहास असतो. नोंद कोणी ठेवायची, कोठे ठेवायची आणि एकाच वहीवर दोघांचे हात पडले तर काय करायचे, हे प्रश्न हुजूर दप्तरापासून गावच्या चावडीपर्यंत सगळीकडे होते. त्याच प्रश्नाचे एक अगदी अलीकडचे, गेल्या साठ-पासष्ट वर्षांतले प्रकरण आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. माहिती साठवणारी डिस्क एकच, आणि तिला जोडलेले संगणक दोन किंवा अधिक. तेही एकमेकांशी न बोलणारे. मग काय होते?

प्रथमदर्शनी यात अडचण कसली, असेच वाटते. कपाटाला दोन दारे केली की दोन्ही खोल्यांतल्या माणसांना त्यातली वस्तू घेता येते. तारा जोडल्या की झालं! पण डिस्क हे शहाणे कपाट नव्हे. तिला फाइल म्हणजे काय ते ठाऊक नसते. तिला ठाऊक असतात ते फक्त क्रमांक लावलेले कप्पे. कोणत्या कप्प्यांत कोणती फाइल आहे आणि कोणते कप्पे मोकळे आहेत हा हिशेब ठेवतो तो संगणक. हा हिशेब डिस्कवरच लिहिलेला असतो हे खरे, पण दर खेपेस तेथवर जाणे वेळखाऊ. म्हणून संगणक त्याची नक्कल आपल्या स्मृतीत बाळगतो आणि त्या नकलेवर भरवसा ठेवून कामे उरकतो. हा सारा भरवसा एका गृहीतावर उभा असतो: येथे लिहिणारा मी एकटाच आहे.

असे समजा, की एका सज्जाला चुकून दोन तलाठी नेमले गेले आणि फेरफाराची वही मात्र एकच. दोघांनीही सकाळी वहीतल्या कोऱ्या पानांची यादी उतरून खिशात घातली. पहिल्याने ४१ व्या पानावर पाटलांच्या खरेदीची नोंद केली. दुसऱ्याच्या खिशातल्या यादीत ४१ वे पान अजून कोरेच! त्याने तेथे कुलकर्ण्यांचे गहाणखत चढवले. संध्याकाळी दोघांनी आपापल्या समजुतीप्रमाणे अनुक्रमणिका दुरुस्त केली. ज्याने मागाहून लिहिले त्याची राहिली. पाटलांची खरेदी नाहीशी झाली, आणि एखाद्या लांबलचक दस्तात दुसऱ्याच्याच विहिरीच्या चतुःसीमा शिरल्या. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही, कोणी आळस केला नाही. वही मात्र बुडाली.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याने लिहूच नये, नुसते वाचावे. हा उपाय पुष्कळांना सुचतो. पण वाचणाऱ्याच्या खिशातही सकाळचीच यादी असते, त्यामुळे दुपारच्या नोंदी त्याला दिसत नाहीत, किंवा अर्ध्यामुर्ध्या दिसतात. शिवाय आणखी एक गंमत आहे. लिनक्स या कार्यप्रणालीत ‘एक्स्ट-३’ आणि ‘एक्स्ट-४’ नावाच्या ज्या फाइल-व्यवस्था आहेत, त्या डिस्कवर एक रोजनामचा ठेवतात. मध्येच वीज गेली तर अपुरी राहिलेली कामे त्या रोजनाम्यावरून पुरी करता यावीत, हा हेतू. परंतु डिस्क केवळ वाचण्यासाठी जोडली तरीही, वेगळी सूचना दिलेली नसेल तर आणि कामे अपुरी दिसली तर, ती व्यवस्था आधी ती पुरी करू पाहते, म्हणजेच लिहिते. वाचायला म्हणून आलेला पाहुणा आधी घर झाडून काढतो, आणि घरधनी तर आतच बसलेला!

यावरून माझ्या पाहण्यातली एक हकिकत सांगतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. जुन्या मोडी कागदांची छायाचित्रे घेऊन ती संगणकावर ठेवण्याचे काम तेथे चालू होते. एका सर्व्हरवर नवी छायाचित्रे येत, दुसरा अभ्यासकांना ती दाखवी. साठवणीची पेटी एकच, आणि एकच व्हॉल्यूम दोघांनाही जोडून दिलेला. नकला करण्याचा वेळ आणि खर्च वाचावा एवढाच उद्देश. काही आठवडे सगळे सुरळीत चालले. फक्त दाखवणाऱ्या सर्व्हरला नवी छायाचित्रे दिसत नसत, म्हणून रोज सकाळी तो बंद करून पुन्हा सुरू करण्याची प्रथा पडली. रोज सकाळी म्हणजे रोज एकदा, तो चालत्या सर्व्हरचा रोजनामचा ‘पुरा’ करीत होता. एके दिवशी पहिल्या सर्व्हरने हिशेब जुळत नसल्याची तक्रार करून लिहिणेच थांबवले. दुरुस्तीचा कार्यक्रम चालवला, तेव्हा हजारो छायाचित्रे हाती लागली खरी, पण नावे जाऊन नुसते आकडे उरलेली. कोणते पान कोणत्या रुमालातले, हे सांगणारे काहीच शिल्लक नव्हते. मूळ कागद शाबूत होते. पण त्यांतले काही असे जीर्ण, की ते दुसऱ्यांदा उलगडण्याचे धाडस कोणी केले नाही. इतिहासाच्या माणसाला ही गोष्ट केवळ यंत्राची वाटत नाही, ती यामुळे.

असो. मूळ इतिहासाकडे वळू. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या साठवण-भागात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत, आणि एवढ्या सगळ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. त्या काळी एका तबकडी-यंत्राला एक संगणक, हा संसार सुखाचा होता. पण संगणक बंद पडला म्हणजे काय? अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीने आय.बी.एम.च्या मदतीने ‘सेबर’ ही आसन-आरक्षणाची व्यवस्था उभारली. १९६४ च्या सुमारास ती पूर्णपणे चालू झाली. तेथे ७०९० जातीचे दोन संगणक ठेवले होते: एक कामावर, दुसरा राखीव. एक आडवा झाला की दुसऱ्याने आरक्षणाचे काम उचलायचे. हा राखीव गड्याचा मार्ग तसा निर्धोक. कारण लिहिणारा एका वेळी एकच.

त्याच १९६४ साली ७ एप्रिलला आय.बी.एम.ने ‘सिस्टीम ३६०’ हे संगणकांचे कुटुंब जाहीर केले. पुढे त्या कुटुंबातले दोन संगणक एकाच डिस्कवर खरोखरच एकत्र नांदू लागले. डिस्कच्या नियंत्रकाला दोन वाटा असत, आणि आज्ञावलीत ‘रिझर्व्ह’ नावाची आज्ञा असे. एका संगणकाने ती दिली की नियंत्रक ती डिस्क त्याच्या नावावर राखून ठेवी; दुसऱ्याने हाक मारली तर ‘गुंतलेली आहे’ असा जबाब. काम संपल्यावर पहिल्याने ती मोकळी करायची. अनुक्रमणिकेत फेरफार करण्यापूर्वी डिस्क राखून घ्यायची, हा दंडक.

याला उत्तम जोड मिळते ती रेल्वेची. एकेरी मार्गावर दोन बाजूंनी गाड्या येऊन धडकू नयेत म्हणून इंग्लंडात आरंभी एक काठी ठेवत. काठी ज्या चालकाच्या हाती, त्यालाच त्या टप्प्यात शिरण्याची मुभा. काठी एकच असल्याने टक्कर अशक्य. पण काठी पलीकडच्या स्टेशनात पडून राहिली असेल तर मार्ग रिकामा असूनही अलीकडची गाडी ताटकळत उभी. पुढे दोन्ही स्टेशनांतली यंत्रे तारेने जोडली गेली आणि कोठूनही, पण एका वेळी एकच खूण बाहेर पडेल अशी सोय झाली. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवर नीलच्या यंत्रातून निघणारा पोलादी गोळा वर्षानुवर्षे हेच काम करीत आला. फलाटावर उभे राहून मोठी कडी घातलेली ती पिशवी धावत्या इंजिनाकडे जाताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गोळ्याकडे सगळे बघतात. तारेकडे कोणी बघत नाही. खरी करामत त्या तारेत आहे. दोन स्टेशने एकमेकांना विचारतात, म्हणून गोळा खरा ठरतो.

‘रिझर्व्ह’ म्हणजे ती जुनी काठी. एका फाइलीतली एक ओळ बदलायची असली तरी सबंध डिस्क अडकून पडे. एका वाड्यातल्या एका खोलीत सारवण चालू आहे म्हणून वेशीचाच दरवाजा बंद! आणि त्याहून वाईट प्रकार असा: पहिल्या संगणकाने एक डिस्क राखून ठेवली आहे आणि त्याला दुसरी हवी, दुसऱ्याने ती दुसरी अडकवली आहे आणि त्याला पहिली हवी. दोघेही थांबले, ते थांबलेच. नेदरलँड्सचे गणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी असल्या अवस्थेला ‘जीवघेणी मिठी’ असे नाव दिले. आपल्या महाभारतातली धृतराष्ट्राची मिठी निराळी. तेथे एकाच्या मनात कपट होते. येथे दोघेही निष्कपट, म्हणूनच सुटका अवघड. याच डाइक्स्ट्रांनी १९६० च्या दशकात एकाच साधनावर हक्क सांगणाऱ्या अनेक कामांना शिस्त लावणारी ‘सेमाफोर’ ही कल्पना मांडली. सेमाफोर म्हणजे हात वरखाली करणारा तो सिग्नल. पाहा, गणितीही शेवटी रेल्वेच्याच दारी गेला!

आय.बी.एम.नेही पुढे तारेचाच मार्ग धरला. १९८० च्या दशकात तिच्या मोठ्या संगणकांत अशी व्यवस्था आली की, कोणाला काय राखून हवे आहे याचा निरोप यंत्रायंत्रांतून वर्तुळाकार फिरे आणि सगळ्यांची संमती मिळाल्यावर हवी तेवढीच वस्तू कुलूपबंद होई. डिस्कला विचारण्याऐवजी शेजाऱ्याला विचारायचे, हा पालट माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा.

त्याचे सर्वांत देखणे रूप उभे केले ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने. या कंपनीचा कारभार मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या मेनार्ड गावी, एका जुन्या लोकरीच्या गिरणीत चाले. १९८३ साली तिने ‘व्हॅक्स-क्लस्टर’ जाहीर केले. एका मध्यवर्ती जोडणीतून सोळापर्यंत यंत्रे एकत्र बांधलेली, त्यांच्यामधून सेकंदाला सात कोटी बिट्स धावत, आणि डिस्क सर्वांच्या सामाईक. क्रोनेनबर्ग, लेव्ही आणि स्ट्रेकर या तिघांनी १९८६ साली लिहिलेल्या निबंधात या रचनेचे वर्णन आले आहे.

त्यातले कुलूप-व्यवस्थापन पाहण्यासारखे आहे. कुलपाचे प्रकार एक-दोन नव्हेत, सहा. नुसती ओळख ठेवण्यापासून ‘मी वाचतो, इतरांनीही खुशाल वाचावे-लिहावे’, ‘मी वाचतो, पण कोणी लिहू नये’ असे चढत चढत ‘मी एकटाच’ येथपर्यंत. आणि कोणत्या वस्तूच्या कुलपाचा हिशेब कोणी ठेवायचा, हे काम सर्व यंत्रांनी आपसांत वाटून घेतलेले. एक सरदार पडला म्हणून सैन्य पळत नसे.

परंतु यंत्रे एकमेकांना विचारू लागली की नवा प्रश्न येतो. शेजारी उत्तर देत नाही. तो मेला आहे, की मधली तार तुटली आहे? तार तुटली असेल तर तोही आपल्याविषयी हेच समजत असणार. दोघांनीही ‘दुसरा गेला, आता वारस मी’ असे मानून लिहायला घेतले, की आपण पुन्हा त्या दोन तलाठ्यांपाशी येऊन पोचलो. व्हॅक्स-क्लस्टरचे उत्तर मतदानाचे होते. ज्या गटाकडे बहुमत, तो काम चालू ठेवील. ज्याच्याकडे नाही, तो जागच्या जागी थांबेल. दोनच यंत्रे असतील तर बहुमत कसे व्हायचे? तेव्हा एका डिस्कलाच तिसरे मत देत. दोन भाऊबंदांच्या तंट्यात तिसरा पंच बसवावा तसा!

आणखीही एक कठोर उपाय पुढे रूढ झाला. ज्याच्याविषयी शंका आहे त्याची डिस्ककडची वाट तोडायची, नाहीतर सरळ त्याची वीजच बंद करायची. क्रूर वाटते खरे, पण विचार करा: गोठून बसलेले यंत्र अर्ध्या मिनिटाने जागे झाले, तर मधल्या काळात काय घडले याची त्याला दादही नसते, आणि हातातला जुना कागद ते तसाच लिहून मोकळे होते.

ही सारी मोठ्या घरची लग्ने. लहान कचेऱ्यांत हा प्रश्न आला तो ‘स्कझी’ या जोडणीबरोबर. तिचे प्रमाण १९८६ साली ठरले. एका केबलवर आठ उपकरणे बसत, आणि संगणकही त्या आठांपैकीच एक मानला जाई. तेव्हा एकाच केबलला दोन संगणक लावायला कोणाची आडकाठी नव्हती. राखून ठेवण्याची आज्ञा तिच्यातही होती, पण केबलवर ‘रीसेट’चा इशारा गेला की आरक्षण पुसले जाई. मेलेल्याचे कुलूप तोडता यावे म्हणून हे बरेच. पण जिवंताचेही तुटे! म्हणून १९९० च्या दशकात टिकाऊ आरक्षणाची पद्धत आली. तिच्यात प्रत्येक संगणक आपली किल्ली नोंदवतो, आणि दुसऱ्याची नोंद रद्द करून त्याला दाराबाहेर काढण्याचीही रीत घालून दिलेली आहे.

१९९४ साली ‘फायबर चॅनल’ या जोडणीला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली आणि साठवणीचे जाळे ही कल्पना फोफावली. आता शेकडो संगणकांना शेकडो डिस्का दिसू लागल्या, आणि दिसणे हेच संकट झाले. ‘विंडोज एन.टी.’ ही प्रणाली तर नजरेस पडेल त्या अनोळखी डिस्कवर आपली सही उमटवण्याची तयारी दाखवी; ती डिस्क दुसऱ्या कोणाची असेल, ही शंका तिला शिवत नसे. मग कोणाला काय दिसावे याचे पडदे लावण्यात आले. साठवण-जाळी सांभाळणाऱ्याचे निम्मे काम आजही हे पडदे नीट लावण्याचेच असते.

ज्यांना क्लस्टरचा खटाटोप नको, त्यांच्यासाठी एक साधा मार्ग १९८० च्या दशकातच निघाला होता. सन मायक्रोसिस्टिम्सच्या मंडळींनी ‘एन.एफ.एस.’ ही पद्धत काढली. तिच्यावरचा निबंध १९८५ चा. यात डिस्कचा धनी एकच सर्व्हर. इतरांनी कप्पे मागायचे नाहीत, फाइल मागायची. वही एकाच तलाठ्यापाशी. बाकीच्यांनी खिडकीपाशी येऊन नोंद सांगावी. धनी बंद पडला तर सगळे खोळंबतात, हा दोष उघड आहे. पण मी वर सांगितलेल्या त्या संस्थेला याहून अधिक काही लागत नव्हते.

तरीही डिस्कवरच कुलूप बसवण्याची ओढ माणसांना सुटली नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास मिनेसोटा विद्यापीठात मॅथ्यू ओकीफ यांच्या गटाने ‘ग्लोबल फाइल सिस्टीम’ रचली. तिच्या आरंभीच्या रूपात कुलपे खुद्द डिस्कयंत्रातच ठेवायची होती. डिस्क बनवणाऱ्यांनी ती आज्ञा सरसकट आपल्या यंत्रांत घातली नाही, म्हणून कुलपांचा कारभार शेवटी संगणकांकडेच परतला. पुढे सिस्टिना या कंपनीकडून ती २००३ च्या अखेरीस रेड हॅटकडे गेली आणि दुसऱ्या वर्षी सर्वांना खुली झाली.

व्हीएमवेअर कंपनीच्या ‘व्हीएमएफएस’ला मात्र हे बऱ्याच अंशी साधले. एकाच संगणकात अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या यंत्रांना, त्यांचे क्लस्टर बांधलेले नसले तरी, एक व्हॉल्यूम सामाईक वापरता येतो. कोणती फाइल कोणाच्या ताब्यात आहे ते डिस्कवरच लिहिलेले असते, आणि प्रत्येक यंत्र आपण जिवंत असल्याची नोंद तेथेच वरचेवर करीत राहते. आरंभी अशी नोंद बदलताना सबंध व्हॉल्यूम क्षणभर राखून ठेवावा लागे. १९६० च्या दशकातलीच ती काठी! यंत्रे वाढली तसा हा खोळंबा जाणवू लागला. २०१० साली नवी सोय आली: ‘या कप्प्यात अमुकच असेल तर तमुक लिही, नाहीतर नकार दे’ अशी एकसंध आज्ञा डिस्कला देता येऊ लागली, आणि एका कप्प्यापुरते कुलूप शक्य झाले.

साध्या ‘एक्स्ट-४’लाही २०११ साली एक राखणदार मिळाला. त्याने सामाईक लेखन होत नाही. तो फक्त दुसऱ्याला दारात अडवतो. डिस्क जोडून घेतलेला सर्व्हर एका ठराविक कप्प्यात दर काही सेकंदांनी बदलता आकडा लिहीत राहतो. दुसरा सर्व्हर आला की आधी तो कप्पा वाचतो, थोडा वेळ थांबतो आणि पुन्हा वाचतो. आकडा बदललेला दिसला, तर घरात कोणीतरी आहे असे समजून तो परत फिरतो. ही सोय आपोआप लागू होत नाही. ती मुद्दाम मागून घ्यावी लागते.